सुक्याबरोबर ओलं

माझ्याकडे एका लाकडाचं 13 महिन्यांचं वजन लिहून ठेवलेलं आहे. दर रविवारी सकाळी चहा झाला की आत्याच्या पडवीतल्या वाशाला टांगलेल्या काट्याला ते लाकूड अडकवायचं आणि वहीत आकडा लिहायचा, काटा म्हणजे मासळी तोलायचा तो हूकवाला स्प्रिंगचा, हर्णैच्या बाजारातून आणलेला. मी पुण्यात असलो तर आत्या फोनवर सांगायची, "पाचाच्या खाली दोन रेघा." लाकूड रायवळ आंब्याचं, दीड हात लांब, एका टोकाला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका, म्हणजे चुकून चुलीत जाऊ नये. पहिलं वजन, जुलै 2020, 6 किलो 200 ग्रॅम.

हे वेड कुठून लागलं ते सांगतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. टीव्हीवर दोन दिवस मुंबईचं काय होणार हेच चालू होतं, आणि वादळ आलं ते श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीवर. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा, सुपारीच्या बागा काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या. आमच्या आत्याचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत, घरामागे परसात एक रायवळ आंबा होता, आजोबांच्याही आधीचा, तो मुळासकट उपटून गोठ्यावर आला. गोठा रिकामा होता हे नशीब. पाच-सहा दिवस फोन नाही, रेंज नाही, काही नाही, शेवटी करोनाच्या लॉकडाऊनचा ई-पास काढून, गाडीत मेणबत्त्या आणि ताडपत्री भरून मी निघालो. गावात पोचलो तर वाडीचा नियम, बाहेरून आलेल्याने 14 दिवस वेगळं राहायचं. आत्या म्हणाली, राहू दे त्याला पडवीत.

तर मी 14 दिवस पडवीत होतो. वीज नव्हती (ती यायला पुढे महिना गेला), लॅपटॉप मेलेला, ऑफिसला सांगून मोकळा झालेलो. पडवीत एक खाट, मी, आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचलेली छातीएवढी उंच लाकडांची चवड. बघायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून मी चवड बघायचो. आणि बाहेर पाऊस, आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात.

आता घरात गॅस आहे. आत्याकडे गॅस येऊन तीस वर्षं तरी झाली असतील. पण चहा-भाजीला गॅस, बाकी भात, मच्छीचं कालवण, भाकरी आणि मुख्य म्हणजे आंघोळीचं पाणी, हे सगळं लाकडावरच. त्या महिन्यात वीज नाही, रस्त्यावर झाडं पडलेली, सिलिंडरची गाडी येणार कधी कोणाला ठाऊक, आणि आमच्या घरात रोज सकाळी तांब्याचा बंब पेटत होता आणि मला पडवीत कडकडीत पाण्याची बादली मिळत होती. शेजारच्या दोन-तीन घरांत नवीन स्लॅबची घरं, चूल काढून टाकलेली, ते लोक आत्याकडे पाणी तापवायला यायचे. आत्याला याचा बारीक अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, पण बंबात ढलप्या घालताना तिचा चेहरा बघायचा.

पंधराव्या दिवशी बाहेर आलो आणि आंब्याच्या मागे लागलो. आंबा, फणस, ऐन, किंजळ वगैरे झाडं 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय हात लावता येत नाही, पण हे तर पडलेलं, त्याचा पंचनामा झाला, कागद झाले. मग कटरवाला, म्हणजे यंत्राच्या करवतीने झाड कापणारा. त्या दिवसांत कटरवाला मिळणं म्हणजे डॉक्टर मिळण्यासारखं होतं. आणि एक व्यापारी येऊन सरळ बुंधा बघून गेला, आम्हाला भावाची काही कल्पना नाही, त्याने बुंध्याचा चांगला भाग कवडीमोलाने उचलला, उरलेलं वेडंवाकडं, गाठाळ, फांद्यांचं आमच्या गळ्यात. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. असो. त्यालाही ओलं लाकूडच उचलावं लागलं, तेवढंच समाधान.

आत्या म्हणाली, "लगेच फोडून घे. आत्ता ओला आहे तोवर फुटेल, सुकल्यावर तुझ्या बापाच्यानं नाही फुटायचा."

मला वाटायचं लाकूड आधी वाळवायचं आणि मग फोडायचं, कारण सुकं लाकूड ठिसूळ असणार, बिस्किटासारखं. ते उलटं आहे. सुकत जाईल तसं लाकूड आवळत जातं, कडक होतं, आणि आंब्याच्या तर शिरा आधीच एकमेकांत गुंतलेल्या, त्यात गाठी. आणि दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं, ते मला नंतर कळलं. जिवंत झाड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी, मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी वर चढवणारी. कापल्यावर पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः त्या नळ्यांच्या तोंडांतून, म्हणजे कापलेल्या दोन टोकांतून. साल म्हणजे झाडाचा रेनकोट, तिच्यातून पाणी जसं आत जात नाही तसं बाहेरही येत नाही. अख्खा ओंडका सालीसकट ठेवलात तर तो दोन पावसाळे आतून ओलाच राहील, वरून मात्र असा दिसेल की काय खडखडीत वाळलाय. म्हणून आखूड कापायचं आणि फोडायचं, म्हणजे टोकं जवळ येतात आणि आतलं अंग उघडं पडतं. ऊन हा भाग नंतरचा.

फोडायला वाडीतले एक भाऊ यायचे, साठीचे असतील, अंगाने काडी. मी जिममध्ये जाणारा माणूस, मी कुऱ्हाड डोक्यावरून आणून मधोमध घातली, ती चार बोटं आत रुतली आणि बसली. काढता निघेना. भाऊंनी ओंडका फिरवला, टोकाशी पडलेली केसाएवढी एक चीर दाखवली, तिथे लोखंडी पाचर टेकवली, घणाचे दोन हलके, तिसरा जरा जोरात, आणि ओंडका कर्रर्र करत आपणहून उघडला, आतून पिवळसर ओलसर अंग, आंबूस गोड वास, आणि कडेने अक्षरशः पाणी सुटलेलं. "लाकूड सांगतंय कुठे फुटायचं ते," भाऊ म्हणाले, "तुम्ही मध्येच कशाला बोलताय?" मी दिवसभरात अकरा ओंडके फोडले आणि हाताला चार फोड आले. भाऊंनी किती फोडले ते मोजलं नाही, मोजण्यात अर्थ नव्हता.

मग मी माझं डोकं चालवलं. पाऊस चालू, लाकडं ओली, तेव्हा पाऊस लागू नये म्हणून मी पुण्याहून आणलेली निळी ताडपत्री लाकडांच्या ढिगावर घातली, चारी बाजूंनी खाली दाबली, कडेला चिरे ठेवले, दोरीने बांधून टाकली. एकदम पॅक. आत्याने बघितलं, काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी उघडलं तर आतून वाफारा आला, आंबलेला, आणि लाकडांवर पांढरी बुरशी, काही ठिकाणी चक्क बोटाएवढी भूछत्रं उगवलेली.

"लोणचं घातलंस काय रे लाकडांचं?"

तर तो दिवस आणि तिथून पुढे मी आत्याचा शिष्य.

आत्याची पद्धत अशी. घराच्या पूर्वेला एक खोप आहे, चार खांब, वर नळ्यांची कौलं, बाजूंना भिंती नाहीत, फक्त दर्याकडच्या म्हणजे पश्चिमेच्या अंगाला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप लावलेले, तेही आगोटीच्या वेळी, म्हणजे पावसाच्या तोंडावर लावायचे आणि दिवाळीत काढायचे. खाली जमिनीवर जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन ओळी, त्यावर आडवे वासे. त्या वर्षी वाशांना तोटा नव्हता, पडलेल्या पोफळी पाहिजे तेवढ्या. लाकूड जमिनीला टेकता कामा नये, टेकलं की वाळवी, आणि वाळवी एकदा लाकडात शिरली की तिथून घराच्या वाशात यायला तिला पत्ता विचारावा लागत नाही. दोन टोकांना लाकडं आडवी-उभी रचून खांबासारखं करायचं, मधे सरळ थर. दोन लाकडांत बोट जाईल एवढी फट. सगळ्यात वरच्या थराची साल आभाळाकडे. आणि लाकडांची तोंडं पूर्व-पश्चिम.

हे तोंडांचं मी बरेच दिवस विचारत होतो. आत्याचं उत्तर, "वारा तिकडनं येतो." शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, दोन मार्कांचा फरक स्पष्ट करा. दिवसा समुद्रावरून खारा, रात्री जमिनीवरून मतलई. थंडीत पहाटे घाटाकडून येणारा हा कोरडा वारा लाकडांच्या तोंडातून शिरतो आणि लाकडं सुकतात, ऊन नुसतं मदतीला असतं. उन्हात टाकलेलं लाकूड बाहेरून पटकन सुकतं, आवळतं, तडकतं आणि आतला ओलावा आतच राहतो. मी दोन मार्कांचं उत्तर लिहून आलो होतो आणि आत्या त्यावर पन्नास वर्षं आंघोळीचं पाणी तापवत होती.

बुरशी आलेली लाकडं धुऊन, घासून, खोपीत नव्याने रचली. त्याच वेळी मला वाटलं की याचं काहीतरी मोजमाप पाहिजे, इंजिनिअरची खोड, म्हणून तो निळ्या ठिपक्याचा तुकडा आणि मासळीचा काटा. पुढे ऑनलाइन एक मॉइश्चर मीटरही मागवला, दोन सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा बघायचा, पण ओलाव्याचा आकडा तीसच्या वर गेला की तो मीटर अंदाजपंचे दाहोदरसे, काट्यावर माझा जास्त विश्वास.

जुलै, 6 किलो 200. ऑगस्ट अखेर, 5 किलो 500. त्या पावसातसुद्धा 700 ग्रॅम गेले, नुसत्या वाऱ्याने. सप्टेंबरात जवळपास तिथेच अडलं. मग ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि वजन असं घसरलं की मला आधी वाटलं काटा बिघडला. दिवाळीत 4 किलो 600. तोवर लाकडाच्या टोकांना मधोमध चांदणीसारख्या चिरा पडल्या होत्या, साल सुटायला आलेली, रंग पिवळ्याचा राखाडी झालेला. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की जुलैत "धप" असा आवाज यायचा, आता "टण्ण". आत्या आकडे बघायची नाही. ती दोन लाकडं उचलायची, आपटायची, आणि म्हणायची, अजून महिना.

मे 2021, 3 किलो 750. म्हणजे एका लाकडातून जवळजवळ अडीच लिटर पाणी निघून गेलं. अडीच लिटर! आपण ओलं लाकूड चुलीत घालतो तेव्हा पाण्याच्या दोन-तीन बाटल्या सोबत चुलीत घालतो.

यावर मी एका संध्याकाळी हिशेबही मांडला होता. एक लिटर पाण्याची सगळी वाफ करायला साधारण 2500 किलोज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो खडखडीत सुक्या लाकडात साधारण 16000 ते 18000 किलोज्यूल असते. म्हणजे माझ्या लाकडातल्या पाण्याने खाल्ले असते ते त्याच्या एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मला आश्चर्य वाटलं, फक्त दहावा? मग ओल्या लाकडावर भात अर्धा तास जास्त का घेतो, डोळ्यांतून पाणी का येतं? तर खरी गोम तिथे नाही. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात, ज्योत म्हणजे ते वायू जळतात ती, आणि त्यांना पेट घ्यायला काही शे डिग्री लागतात. लाकडात पाणी आहे तोवर त्याचा तो भाग शंभराच्या आसपासच घुटमळतो, वायू सुटतात पण पेटत नाहीत, तसेच वर जातात. तोच धूर. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. ते डोळ्यांत जातं, छातीत जातं, वाशांवर काजळी होऊन बसतं. ऐंशीच्या दशकात सरकारने निर्धूर चुली वाटल्या होत्या, आत्याकडेही आली होती, सिमेंटचं धुराडं वगैरे, पण ओलं लाकूड घातलं तर चूल कुठवर निर्धूर राहणार, दोन पावसाळ्यांत धुराडं काजळीने चोंदलं आणि आत्याने ते काढून त्या भोकात शिंकाळं टांगलं.

आत्याला हा सगळा हिशेब सांगितला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "टोकाला फेस येऊन सुसू करायला लागलं की समजायचं. त्याला वही कशाला?"

लहानपणी पुण्यातही आमच्याकडे बंब होता. वखारीतून बंबफोड आणायला बाबांबरोबर मी जायचो, वीतभर लांबीच्या ढलप्या, किलोवर मिळायच्या. बाबा प्रत्येक वेळी एक ढलपी उचलून गालाला लावायचे आणि वखारवाल्याकडे बघायचे. त्यांची पक्की खात्री होती की तो रात्री लाकडावर पाणी मारतो. मला तेव्हा लाज वाटायची. आता विचार केला तर लाकूड किलोवर विकायचं असेल तर ते वाळवण्यात विकणाऱ्याचा निव्वळ तोटाच आहे, माझ्या एका तुकड्याचं चाळीस टक्के वजन हवेत गेलं. पाणी मारायची गरजच नाही, नुसतं वाळवलं नाही तरी पुरतं.

प्रत्येक लाकडाचा स्वभाव वेगळा हेही मला उशिरा कळलं. आंबा तसा सुमार, हलका, भरभर जळून जातो, निखारा टिकत नाही, आणि ठेवला की भुंगेरा लागून खाली पीठ पडतं. ऐन म्हणजे राजा. सुसरीच्या पाठीसारखी साल, वजनाला दगड, पेटायला जरा त्रास देतो पण एकदा धरला की रात्रीच्या निखाऱ्यावर राख ओढून ठेवलीत तर सकाळी फुंकणीच्या दोन फुंकरांत चूल सुरू. किनाऱ्यावरच्या लोकांना सुरूच्या झाडाचं लाकूड मिळतं, ते अर्धं ओलं असलं तरी पेटतं. बिब्बा मात्र मोळीत चुकूनही नको, त्याच्या चिकाने अंग उततं. पेटवणीला नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्यांची पाती, ती वेगळ्या कणगीत. माझी सासुरवाडी यवतमाळकडची, तिथे हे असं लाकडांचं कौतुक कोणाला नाही, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचायच्या, बोटभर जाडीच्या, महिन्याभरात वाळतात आणि सर्रकन जळून जातात, चुलीसमोर बसून सारख्या सारायला लागतात. आणि देशावर शेणी, त्यांचे ते शेणानेच लिंपलेले हुडवे. ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे.

आत्याच्या घरी लाकडं चार ठिकाणी असतात. खोपीत पुढल्या वर्षाची. पडवीत यंदाची. न्हाणीघराच्या दाराशी आठवड्याची. आणि चुलीच्या बाजूला उद्याची, ती आजच्या जाळावर शेकत पडलेली. घरात या क्षणी जे जळतंय ते गेल्या वर्षी कोणीतरी रचलेलं आहे, हे तिच्या डोक्यात इतकं मुरलेलं आहे की कोणी "लाकडं संपली का?" असं विचारलं तर ती विचारते, "कुठली?" आणि लाकूड काढायचे नियम कडक. अंधार पडल्यावर चवडीत हात घालायचा नाही, दिवेलागणीच्या आत काय ते काढून घ्यायचं. आधी काठीने दोनदा ठोकायचं, मग थांबायचं, मग वरचं लाकूड उचलायचं. ओढायचं नाही. आमच्याकडे फुरसं भरपूर, वीतभर साप, लाकडाच्या रंगाचा, फटीत वेटोळं करून बसला तर दिसणार नाही. मी एकदाच बघितलं, काठी ठोकल्यावर चवडीतून खर्रर्र असा अंगावर अंग घासल्याचा आवाज आला. त्यानंतर मी तीनदा ठोकतो.

शिमग्याचा एक किस्सा सांगायला हवा. होळीला पोरं घराघरांतून लाकडं पळवतात, हा त्यांचा हक्कच, ओरडायचं पण मनावर घ्यायचं नाही. आत्या काय करते, माघ संपला की खोपीच्या रस्त्याकडच्या बाजूला एक वेगळा छोटा ढीग लावते, भुंगेऱ्याने खाल्लेली, वाकडी, गाठाळ, जी चुलीत मावणार नाहीत ती सगळी तिथे. पोरं रात्री दबक्या पावलांनी येतात, मोठ्या शौर्याने तो ढीग पळवतात, आत्या आतून शिव्या घालते. सगळ्यांचं काम होतं. 2021 ला करोनामुळे होळी साधीच होती तरी ढीग लावला होता. पोरं आली नाहीत तर तिला करमलं नसतं.

मे 2021 मध्ये तौक्ते आलं, आमच्या समोरून समुद्रातून वर गेलं, तरी जाता जाता मागच्या फणसाचा अर्धा भाग खाली बसवून गेलं. पाऊसही जरा आधीच सुरू झाला. आम्ही आंब्याची लाकडं खोपीतून पडवीत आणायला घाई केली. निळा ठिपका जूनपासून पुन्हा जड व्हायला लागला, 3 किलो 800, 3 किलो 900. सुकलेलं लाकूड हवेतून पाणी पितं, पावसाळी हवेत ओलावा असतो तेवढा घेतं आणि तिथे थांबतं. मला हा आकडा बघून थोडा धक्काच बसला होता, म्हणजे वर्षभर केलं ते सगळं वाया. आत्या म्हणाली, "तेवढं पिणारच. दमट झालं म्हणजे ओलं झालं असं नाही." खरं होतं. ते अजूनही टण्ण वाजत होतं.

जुलैच्या शेवटी चिपळूण बुडालं, 22 तारखेला. आमच्याकडे त्या आठवड्यात रस्ता बंद होता, पाऊस म्हणजे भिंत. त्यानंतर तीन दिवसांनी वाडीतल्या एक आजी गेल्या. वय झालेलं, नव्वदीच्या पुढे, करोनाबिरोना नाही. पहाटे बातमी आली. आत्या उठली, पदर खोचला, आणि सरळ पडवीत चवडीपाशी जाऊन काठीने दोनदा ठोकलं.

मला माहीत नव्हतं. म्हणजे वाडीत कोणी गेलं की प्रत्येक घरातून लाकडं जातात हे ऐकून होतो, पण ते ऐकलेलं. इथे पाच मिनिटांत समोरच्या घरातून दोघं आले, आत्या त्यांच्या हातात एकेक लाकूड देत होती, आणि देताना निवडत होती. वरच्या दोन थरांतलं एकही नाही. "हवा प्यायलीत ती, खालची घ्या. आतली घ्या." त्या पावसात वाडीत कोणाकडे अशी सुकी लाकडं फारशी नव्हती. स्लॅबच्या घरांत तर नव्हतीच, त्या घरातल्या लोकांनी टायर आणि रॉकेल काढलं होतं, आणि आत्या त्यांच्यावर खेकसली, "टायरवर जाळायची का तिला?" मग मला कळलं की छातीएवढी उंच चवड दोन माणसांच्या घराला कशाला लागते. बंबाला एवढी लागतच नाहीत. मी वर्षभर तिचा हिशेब बंबाचा समजून मांडत होतो.

मीही खांद्यावर नेली. स्मशानात पत्र्याची शेड आहे, खाली ओटा. मोजकीच माणसं, तोंडाला ओले मास्क. भाऊंनी रचली, तीच पद्धत, टोकाला आडवी-उभी, मधे वाऱ्याला फट. खाली दोन ऐनाचे ओंडके, वर आंबा, कडेने बारीक ओली लाकडं, दुसऱ्या घरांतून आलेली. सुक्याबरोबर ओलं जळतं ही म्हण मी आयुष्यभर निरपराध माणसाला शिक्षा झाली की वापरत आलो. तिथे भाऊ दोन सुक्यांच्या मधे एक ओलं ठेवत होते, म्हणजे सगळ्या घरांचं लागावं.

पेटलं. शेडच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की कोण काय बोलतंय ऐकू येत नव्हतं, पण धूर फार नव्हता. जाळ सरळ वर.

घरी आलो, आंघोळ केली, आणि रविवार होता म्हणून सवयीने काट्यापाशी गेलो. निळा ठिपका कुठे दिसेना. पडवीत शोधला, न्हाणीघराशी शोधला. आत्या माजघरातून म्हणाली, "दिलं ते. चांगलं सुकलं होतं." आणि मग जरा थांबून, "आधीच्या रविवारी किती भरलं होतं?"

"चार किलो."

"हं," ती म्हणाली. "पाऊस उघडला की कटरवाल्याला फोन कर. तो फणस अजून तसाच पडलाय."